सांगायला परत आलेला माणूस

ॲन फ्रँकची डायरी १ ऑगस्ट १९४४ रोजी थांबते. तीन दिवसांनी पोलिसांनी तिचे लपण्याचे घर गाठले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिला घेऊन निघालेली आगगाडी आउश्वित्झ-बिर्केनाऊच्या फलाटाला लागली. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ही डायरी वाचली आहे. शेवटचे पान मिटल्यावर मनात उरतो तो एकच प्रश्न: पुढे काय झाले? ते लिहायला ती मुलगी जगली नाही. पण ती बिर्केनाऊत उतरली त्या दिवशी तिथून काही किलोमीटरवर, मोनोवित्झच्या छावणीत, तिच्याहून साडेआठ महिन्यांनी मोठा एक मुलगा राबत होता. त्याच्या हातावर ए-७७१३ हा क्रमांक गोंदलेला होता. तो जगला आणि पुढे त्याने लिहिले. त्याचे नाव एली वीझेल, आणि पुस्तकाचे नाव ‘नाइट’, म्हणजे ‘रात्र’. शंभर-सव्वाशे पानांचे हे पुस्तक म्हणजे ॲनच्या डायरीपुढच्या कोऱ्या पानांवर दुसऱ्या कोणी लिहिलेला मजकूर आहे.

हे पुस्तक लेखकापासून सुरू होत नाही. ते सुरू होते मोईशे नावाच्या एका गरीब माणसापासून. सिगेत गावच्या सिनेगॉगमध्ये पडेल ते काम करणारा हा माणूस, तेरा वर्षांच्या एलीला गूढ धर्मग्रंथ समजावून सांगणारा. एक दिवस सरकारने परदेशी ज्यूंना गावातून हाकलले, त्यात मोईशेही गेला. काही महिन्यांनी तो लंगडत परत आला. सीमेपलीकडे जर्मनांनी सगळ्यांना गाडीतून उतरवून जंगलात नेले होते, त्यांच्याकडूनच खड्डे खणून घेतले होते आणि एकेकाला गोळी घातली होती. पायाला गोळी लागलेला मोईशे मेला असे समजून ते निघून गेले. तो आता दारोदार फिरून हे सांगत होता. त्याला भीक नको होती, दया नको होती. लोकांनी फक्त ऐकून घ्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. लोक म्हणाले, बिचाऱ्याचे डोके फिरले आहे. त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांत आपणही होतो, हे वीझेल लपवत नाही.

मोईशे खोटे बोलत नव्हता. १९४१ च्या उन्हाळ्यात हंगेरीने नागरिकत्व सिद्ध न करता आलेल्या हजारो ज्यूंना नुकत्याच जर्मनांच्या ताब्यात आलेल्या युक्रेनमध्ये ढकलून दिले. ऑगस्टच्या अखेरीस कामेनेत्स-पोदोल्स्क या गावाजवळ तीन दिवसांत त्यांतल्या बहुतेकांची, आणि त्यांच्यासोबत स्थानिक ज्यूंची, कत्तल झाली. जर्मनांच्याच अहवालात मृतांचा आकडा २३,६०० दिलेला आहे.

मग सिगेतच्या शहाण्यासुरत्या माणसांना हे खरे का वाटले नाही? याचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. सिगेत हे कार्पेथियन डोंगरांच्या कुशीतले, तिसा नदीकाठचे गाव. पहिल्या महायुद्धानंतर ते रुमानियात गेले आणि १९४० मध्ये हिटलरच्या मध्यस्थीने पुन्हा हंगेरीला मिळाले. गावात सुमारे दहा हजार ज्यू होते. कोणी दुकानदार, कोणी कारागीर, कोणी रब्बी. एलीच्या वडिलांचे, श्लोमो वीझेल यांचे, किराणा दुकान होते आणि ज्यू समाजात त्यांच्या शब्दाला मान होता. हंगेरी जर्मनीचा मित्रदेश होता. तिथे १९३८ पासून ज्यूंविरुद्ध एकामागून एक कायदे झाले, त्यांच्या नोकऱ्या आणि धंदे आखडले गेले. ज्यू तरुणांना शस्त्राविना आघाडीवर वेठीला जुंपले गेले आणि त्यांतले हजारो तिथेच मेले. तरीही पोलंडमधले ज्यू संपत आले होते तेव्हा हंगेरीतले सव्वासात लाखांहून अधिक ज्यू आपापल्या घरांत राहत होते. देशाचा प्रमुख, ॲडमिरल मिक्लोश होर्ती, त्यांना जर्मनांच्या हवाली करायला तयार नव्हता. सगळीकडे वणवा पेटलेला असताना आपल्या शेताला आच लागलेली नाही, असे पाहणाऱ्याला वाटावे, तसे ते दिवस होते.

शिवाय लंडन रेडिओच्या बातम्या आशेच्या होत्या. स्टालिनग्राड पडले नाही. रशियन फौजा पश्चिमेकडे सरकत होत्या. १९४४ च्या वसंतात त्या कार्पेथियन डोंगरांपासून फार दूर नव्हत्या. युद्ध हिटलर हरणार हे दिसत होते, प्रश्न फक्त महिन्यांचा होता. पॅलेस्टाइनला जाण्याचे परवाने तेव्हाही मिळत होते. दुकान विकून निघू या, असे एलीने वडिलांना सुचवले. या वयात परक्या देशात पहिल्यापासून सुरुवात करणे आता जमायचे नाही, असे वडिलांचे उत्तर होते. त्यांना भाबडे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्याकडे असलेल्या माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष कोणत्याही संसारी माणसाने काढला असता.

युद्ध हरत आल्यामुळेच संकट आले, ही या कहाणीतली सर्वांत क्रूर गोष्ट आहे. १९४३ च्या जानेवारीत डॉन नदीकाठी हंगेरीची एक अख्खी सेना नष्ट झाली. त्यानंतर हंगेरियन सरकार दोस्तराष्ट्रांशी गुपचूप बोलणी करू लागले. हिटलरला त्याचा सुगावा लागला. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. त्यांच्यामागोमाग ज्यूंच्या हद्दपारीची सूत्रे हलवणारा ॲडॉल्फ आइखमन आपल्या पथकासह बुडापेस्टला पोहोचला. हे पथक होते जेमतेम दीड-दोनशे माणसांचे. एवढ्या माणसांनी लाखो लोकांना गावागावांतून शोधून काढणे केवळ अशक्य होते. ते काम हंगेरीच्या नव्या सरकारने केले. गृहखात्यातले लास्लो एंद्रे आणि लास्लो बाकी हे दोन अधिकारी, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतची यंत्रणा आणि डोक्यावर कोंबड्याच्या पिसांची टोपी घालणारे सशस्त्र ग्रामीण पोलीस, म्हणजे जाँदार्म, एकदिलाने कामाला लागले.

पुढचे सगळे आठवड्यांच्या हिशेबात घडले. ५ एप्रिलपासून प्रत्येक ज्यू माणसाला छातीवर पिवळा तारा लावावा लागला. १६ एप्रिलपासून ईशान्य हंगेरीत ज्यूंना घेट्टोत कोंडायला सुरुवात झाली. सिगेतमध्ये पहिल्यांदा जर्मन शिपाई दिसले तेव्हा गावाला ते सभ्य वाटले होते. ज्या घरी एक अधिकारी उतरला होता, तिथल्या मालकिणीला त्याने चॉकलेटचा डबाही दिला होता. मग पासओव्हरच्या सणात ज्यू समाजाच्या पुढाऱ्यांना अटक झाली. घराबाहेर पडायला बंदी आली, सोनेनाणे जप्त झाले, शेवटी काटेरी कुंपण आले. वीझेल सांगतो की कुंपणाआडसुद्धा लोकांना थोडे हायसे वाटले होते. आता निदान आपण आपल्याच माणसांत आहोत, रशियन येईपर्यंत असेच दिवस काढू, असा त्यांचा हिशेब होता. एकदम सगळे हिरावले असते तर कदाचित कोणी पळाले असते, झगडले असते. रोज थोडे थोडे गेले आणि माणसे रोज उरलेल्यावर समाधान मानत गेली.

वीझेल कुटुंबाकडे पूर्वी काम करणारी एक ख्रिस्ती बाई रडत रडत घेट्टोत आली. माझ्या गावी चला, लपायला जागा आहे, असे तिने विनवले. वडील जायला तयार नव्हते. मोठ्या मुलींना आणि एलीला त्यांनी जायची मोकळीक दिली. पण आईवडिलांना आणि धाकट्या त्झिपोराला सोडून जायला कोणीच राजी झाले नाही. मेच्या मध्यापासून गावातून गाड्या सुटू लागल्या. एकेका मालडब्यात ऐंशी माणसे, थोडी भाकरी, पाण्याच्या काही बादल्या, बाहेरून खिळे ठोकलेले दार. गाडी कशाऊ स्टेशनला थांबली, जर्मन अधिकाऱ्याने ताबा घेतला आणि आपण हंगेरी सोडून चाललो आहोत हे लोकांना पहिल्यांदा उमगले. डब्यातल्या एका बाईला, नवऱ्यापासून आणि थोरल्या मुलांपासून ताटातूट झाल्याने भ्रम झाला होता. ती रात्रभर आग, आग म्हणून किंचाळत होती. तिला गप्प करण्यासाठी लोकांनी तिला बांधले, मारलेही. शेवटी गाडी थांबली आणि धुराड्यातून निघणाऱ्या ज्वाळा सगळ्यांना दिसल्या. स्टेशनचे नाव कोणी कधी ऐकले नव्हते.

ते नाव सांगणारे लोक मात्र तेव्हा जगात होते. ७ एप्रिल १९४४ रोजी रुडॉल्फ व्रबा आणि अल्फ्रेड वेट्झलर हे दोन स्लोव्हाक ज्यू कैदी बिर्केनाऊतून निसटले. लाकडांच्या ढिगाऱ्यातल्या पोकळीत ते तीन रात्री दडून राहिले, मग रात्रीचे चालत मायदेशी पोहोचले. एप्रिल संपायच्या आत झिलिना गावात त्यांच्याकडून तपशीलवार अहवाल लिहून घेतला गेला. त्यात गॅसकोठड्यांचे आणि दाहभट्ट्यांचे नकाशे होते, कोणत्या देशातून केव्हा किती माणसे आली याचा हिशेब होता. तेव्हा हंगेरीतून मुख्य गाड्या सुटायला अजून दोन आठवडे होते. मोईशेची गोष्ट एका वेड्याची म्हणून झटकता आली होती. ही साक्ष तर कागदावर, आकड्यांनिशी होती. ती हातोहाती फिरली, भाषांतरित झाली, पण सिगेतच्या कुंपणापर्यंत ती पोहोचली नाही. जगाच्या राजधान्यांत ती पसरली जूनमध्ये, स्वित्झर्लंडच्या वृत्तपत्रांतून. तोवर सिगेतमध्ये एकही ज्यू उरला नव्हता.

१५ मे ते ९ जुलै या ५६ दिवसांत १४७ गाड्यांतून ४,३७,४०२ माणसे हंगेरीबाहेर नेली गेली. हा आकडा कोणा विरोधकाचा नाही. हंगेरीतला जर्मन प्रतिनिधी एडमुंड फेझेनमायर याने आपल्या सरकारला तो तारेने कळवला होता. रोजचे सरासरी पावणेआठ हजार लोक झाले. त्यातले जवळपास सगळे आउश्वित्झला गेले. त्यांच्यासाठी बिर्केनाऊच्या आत, भट्ट्यांच्या जवळपर्यंत, नवा रेल्वे फलाट बांधून तयार ठेवला होता. जुना कमांडंट रुडॉल्फ हेस याला देखरेखीसाठी परत बोलावले गेले. भट्ट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा उघड्यावर खड्डे खणून प्रेते जाळण्यात आली. लहान मुलांना टाकलेला असा एक खड्डा आपण त्या पहिल्या रात्री पाहिला, असे वीझेलने लिहिले आहे.

त्याच आठवड्यांतली सुमारे दोनशे छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. ती छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या माणसांनीच काढली होती. फलाटावर उभ्या बायका, आजीचा हात धरलेली मुले, झाडीत आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली कुटुंबे. युद्ध संपताना लिली जेकब या सुटका झालेल्या तरुणीला हा अल्बम दुसऱ्या एका छावणीत सापडला. पाने उलटताना त्यात तिला आपल्या गावचे रब्बी दिसले, आपले दोन धाकटे भाऊ दिसले. ते दोघे परतले नव्हते.

एलीची गाडी लागली तेव्हा पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे झाल्या. आईचा आणि सात वर्षांच्या त्झिपोराचा हात सुटला तो कायमचा. रांगेत एका अनोळखी कैद्याने त्याला वय विचारले. पंधरा, असे त्याने सांगताच कैद्याने त्याला दटावले: अठरा सांग. पन्नाशीच्या वडिलांना त्याने चाळीस सांगायला लावले. समोर छावणीतल्या डॉक्टर मेंगेलेपुढे निवड चालू होती. ज्याच्या अंगात राबायचे बळ दिसे तो जगे. लहान मुले, त्यांच्या आया, म्हातारे आणि आजारी सरळ गॅसकोठडीत जात. हंगेरीहून आलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक असे पहिल्याच दिवशी मारले गेले.

इथे हे पुस्तक वाचताना थांबावे लागते. छावण्यांतून वाचलेल्या मुलांच्या ज्या आठवणी जगाकडे आहेत, त्या बहुतेक चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या आहेत. इमरे केर्तेस याला बुडापेस्टहून नेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याच्या ‘फेटलेस’ या कादंबरीतला मुलगाही फलाटावर वय वाढवून सांगतो आणि त्या एका खोट्यावर वाचतो. पुढे २००२ मध्ये केर्तेसला नोबेल मिळाले. त्या वयाच्या मुलांनी पुष्कळ लिहिले, कारण फलाटावरच्या निवडीने त्यांना मजूर म्हणून जगू दिले. त्झिपोराच्या वयाच्या मुलांचे त्या फलाटावरून पुढचे पुस्तक क्वचितच सापडते.

एली आणि त्याचे वडील मोनोवित्झला आले. आय. जी. फार्बेन ही जर्मन कंपनी तिथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारत होती आणि एसएस तिला कैदी भाड्याने देत होती. विजेच्या सामानाच्या गोदामात बापलेकांना काम मिळाले. धर्मग्रंथांच्या ओळी पाठ असणाऱ्या मुलाचे जग आता पावाचा तुकडा, सुपाची वाटी आणि पायातले जोडे एवढ्यावर आले. एलीच्या दाताला सोन्याची टोपी होती, ती मिळवण्यासाठी त्याच्या वडिलांना मार बसला आणि शेवटी ती टोपी द्यावी लागली. एका कोवळ्या मुलाला सगळ्यांसमोर फाशी दिले गेले. वजन इतके कमी की त्याचा जीव जायला अर्धा तास लागला. ईश्वर कुठे आहे, हा प्रश्न तिथे रांगेतच कोणीतरी विचारला. एलीला मनात जे उत्तर ऐकू आले, ते या पुस्तकातल्या रात्रीची सर्वांत काळी घटका आहे. त्या वर्षी योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास त्याने धरला नाही. लहानपणी ज्याने देवासाठी अश्रू ढाळले होते, त्याने सूप पिऊन देवाविरुद्ध आपले म्हणणे मांडले.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन तोफांचा आवाज ऐकू येऊ लागला. एलीच्या पायावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि तो इस्पितळात होता. मागे राहिलेल्यांना मारून टाकतील, अशी आवई उठली. बापलेकांनी सगळ्यांसोबत निघायचे ठरवले. २७ जानेवारीला रशियन पोहोचले तेव्हा मागे उरलेले सुमारे सात हजार कैदी जिवंत सुटले. हे एलीला पुष्कळ नंतर कळले.

आउश्वित्झच्या छावण्यांतून जवळपास साठ हजार कैद्यांना बर्फातून पायी हाकलले गेले. जो मागे पडे त्याला गोळी. इतके दिवस एकमेकांना धरून राहिलेले बापलेक या वाटेवर एकमेकांपासून सुटत होते. एक वृद्ध रब्बी आपल्या हरवलेल्या मुलाला शोधत आले. मुलगा मुद्दाम पुढे पळाला होता, हे एलीला आठवले, पण त्याने ते सांगितले नाही. आपल्या हातून असे कधी होऊ नये, अशी प्रार्थना त्याने केली, ज्या देवावरचा विश्वास उडाला होता त्याच्याकडेच. ग्लायवित्झहून उघड्या मालडब्यांतून ते बुखेनवाल्डला पोहोचले. एलीच्या डब्यात निघताना शंभर माणसे होती, उतरताना बारा होती.

तिथे वडील हगवणीने खंगत गेले. शेवटच्या रात्री ते मुलाला हाक मारत राहिले. एका अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यात दंडुका घातला. वरच्या फळीवर पडलेला मुलगा मार बसेल म्हणून हलला नाही. २९ जानेवारीच्या सकाळी त्या जागेवर दुसराच आजारी माणूस होता. रडू आले नाही, हे वीझेलने लिहिले आहे. त्याहून कठीण गोष्टही त्याने लिहिली: आपण आता मोकळे झालो, असे मनाच्या तळाशी कुठेतरी वाटून गेले. एवढे खरे स्वतःविषयी सांगणारा माणूस इतरांविषयी खोटे सांगेल, असे वाचकाला वाटत नाही. या पुस्तकाचे वजन तिथून येते.

बुखेनवाल्डमध्ये अंतोनिन कालिना या चेक कम्युनिस्ट कैद्याने आणि त्याच्या साथीदारांनी सहासष्ट क्रमांकाच्या बराकीत मुलांना सांभाळले होते. ११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन रणगाडे आले तेव्हा छावणीतल्या एकवीस हजार कैद्यांत सुमारे नऊशे मुले जिवंत होती. एली त्यांतला एक.

हिशेब मांडायचा तर असा. युद्ध जे हरत चालले होते, त्यांनी ते हरता हरता हंगेरीतला हा समाज जवळपास संपवला. हंगेरीतले साडेपाच लाखांहून अधिक ज्यू मेले. व्रबा-वेट्झलर अहवाल जगात फुटल्यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, स्वीडनचे राजे आणि पोप यांचा दबाव आला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात होर्तीने गाड्या थांबवण्याचा हुकूम दिला. बुडापेस्टचे सुमारे दोन लाख ज्यू त्या घडीला वाचले. ऑक्टोबरमध्ये हंगेरियन नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी हजारोंना डॅन्यूबच्या काठावर गोळ्या घातल्या, तरी बुडापेस्टच्या ज्यूंपैकी पुष्कळ जण जगले. ऐकून घेतलेल्या साक्षीने काय होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. उशिरा ऐकल्याची किंमत म्हणजे आधीच्या त्या १४७ गाड्या. एंद्रे आणि बाकी यांना १९४६ मध्ये फाशी झाली, हेसला १९४७ मध्ये आउश्वित्झमध्येच. होर्ती मात्र पोर्तुगालमध्ये परागंदा अवस्थेत वारला.

वीझेलला फ्रान्समधल्या ज्यू बालसंस्थेने आसरा दिला. दोन थोरल्या बहिणी जिवंत असल्याचे त्याला तिथे कळले. पुढे तो पत्रकार झाला. दहा वर्षे त्याने छावणीविषयी एक शब्द छापला नाही. मग यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहिले. १९५६ मध्ये ब्युनोस आयरिसला ते पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, ‘आणि जग गप्प राहिले’. ते वाचणारे लोकच मारले गेले होते, त्यामुळे ते फारसे कुठे पोहोचले नाही. ज्येष्ठ फ्रेंच कादंबरीकार फ्रान्स्वा मोरियाक यांनी या तरुणाची हकीकत ऐकली आणि ते रडले. त्यांच्या आग्रहाने आणि प्रस्तावनेने १९५८ मध्ये संक्षिप्त फ्रेंच आवृत्ती आली, १९६० मध्ये इंग्रजी. पहिल्या दीड वर्षात अमेरिकेत जेमतेम हजारभर प्रती खपल्या. युद्धानंतर घर, नोकरी, नवा देश उभारू पाहणाऱ्या जगाला ही पाने नको होती. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइखमनवर खटला चालला, साक्षीदार एकामागून एक उभे राहिले, आणि मग हळूहळू जगाचे कान उघडले. वीझेल त्या खटल्याला बातमीदार म्हणून हजर होता. १९८६ मध्ये त्याला शांततेचे नोबेल मिळाले. पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या, शाळांतून ते शिकवले जाऊ लागले.

मोईशे पुढे गप्प झाला होता. सिनेगॉगच्या दाराजवळ बाकावर तो मान खाली घालून बसे आणि लोकांची नजर चुकवी. गावात जर्मन आले आणि तो गावातून नाहीसा झाला. पण त्याच्यावर विश्वास न ठेवणारा पोरगा पुढे स्वतःच मोईशे झाला. त्याचेही पहिल्यांदा कोणी ऐकले नाही, फरक एवढाच की तो गप्प बसला नाही. २०१६ मध्ये वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी तो गेला. सिगेत आज रुमानियात आहे. वीझेलचे घर तिथे संग्रहालय म्हणून उभे आहे, आणि ज्या आळीत ते आहे तिथे ज्यू नावालाच उरले आहेत. ‘नाइट’ हातात घेणारा वाचक कोणत्याही गावचा असो, काही तासांपुरता तो त्या बाकाशेजारी उभा असतो. एक लंगडणारा माणूस त्याला काही सांगू पाहतो आहे. नजर चुकवून पुढे जाणे तेव्हाही सोपे होते.